स्वतंत्र थिंक टँक की सरकारचंच अभ्यास खातं?

सरकारी धोरणांचा अभ्यास कुणी करावा? थिंक टँक, म्हणजे असा अभ्यास करणारी सरकारबाहेरची संस्था, म्हटलं की लोक आधी विचारतात पैसा कुणाचा, आणि बरोबरच आहे, देणगीदाराला न पटणारा रिपोर्ट कपाटातच राहू शकतो. पण ब्रिटनमधलं आयएफएस (इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज, कर आणि सरकारी खर्चाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था) बघा, 1969 पासूनचं, बजेट आलं की दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांच्या आकड्यांची चिरफाड करतं, आता हे खात्यातला माणूस करेल का, साहेबांच्या फाईलवर लाल पेन कोण मारणार! अपवाद आहेत म्हणा, नेदरलँड्सचं सीपीबी, म्हणजे आर्थिक धोरणं तपासणारं कार्यालय, सरकारीच, 1945 चं, तरी 1986 पासून निवडणुकीआधी पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशोब मांडतं, विरोधकांच्यासुद्धा. शिवाय सरकारच्या आतल्यांना डेटा सहज मिळतो, बाहेरच्यांना मागत बसावं लागतं. तरी माझं मत थिंक टँकलाच, फक्त देणगीदारांची यादी वेबसाइटवर टाकत असेल तर.