हनोई ते सायगॉन, मित्राबरोबर: रेल्वे बरी की स्लीपर बस?

व्हिएतनामचा नकाशा समोर घेतला की पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्या दोघांपुढे मार्गाचा प्रश्न फारसा उरत नाही. देश उत्तर-दक्षिण लांबच लांब आणि मध्यभागी इतका चिंचोळा आहे की हनोईहून हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगॉनला, निघालेला प्रत्येकजण जवळजवळ त्याच ठिकाणांवरून जातो: चुनखडीच्या डोंगरांतून नदी वाहते ते निन्ह बिन्ह, फोंग न्हाच्या गुहा, ह्वेची जुनी राजनगरी, दा नांग आणि होई आन, न्हा त्रांगचा किनारा आणि शेवटी मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. खरा निर्णय घ्यावा लागतो तो या ठिकाणांमधली लांब अंतरे कशाने कापायची याचा. विमानाने वेळ वाचतो, पण नद्या आणि किनारे पाहायला निघालेल्यांना त्यातून काहीच दिसत नाही, म्हणून ते मी बाजूला ठेवतो. भाड्याच्या मोटारसायकलीवर देश पालथा घालणे हा स्वतंत्र विषय आहे. उरतात दोन पर्याय, रात्रीची स्लीपर बस आणि उत्तर-दक्षिण रेल्वे. मी आणि माझ्या मित्राने हे दोन्ही वापरले. त्याचे आणि माझे मत आजही पूर्ण जुळत नाही, ही गोष्ट वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावी, कारण पुढे मी ज्या गैरसोयीबद्दल सविस्तर लिहिणार आहे ती त्याला माझ्याइतकी जाणवली नव्हती.

बसच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. तिकीट हॉस्टेलच्या काउंटरवर आदल्या दिवशी, कित्येकदा त्याच दिवशी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी एखादी छोटी गाडी तुम्हाला दारातून उचलून बसपर्यंत नेते. पर्यटकांच्या बसकंपन्या हनोई ते सायगॉन असे एकच तिकीट देऊन वाटेत हवे तिथे उतरण्याची सोय फार पूर्वीपासून करत आल्या आहेत, त्यामुळे ज्यांचा बेत रोज बदलतो त्यांना बस मानवते. भाडे रेल्वेच्या चार बर्थच्या डब्यापेक्षा बहुधा कमी पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रूळ जिथे पोहोचतच नाहीत तिथे बस पोहोचते. होई आनला रेल्वे स्थानक नाही. दा नांगला उतरून सुमारे तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. डोंगरातल्या दा लात शहरात स्थानकाची जुनी सुंदर इमारत आहे, पण मुख्य मार्गाशी जोडणारी, चढावासाठी दातेरी रूळ असलेली रेल्वे कधीच बंद पडली असून आता तिथून फक्त जवळच्या त्राय मातपर्यंत पर्यटकांची छोटी गाडी धावते. मेकाँगच्या प्रदेशात तर आज रेल्वेच नाही, जरी त्या देशातला पहिला लोहमार्ग १८८५ साली सायगॉनहून मेकाँगकाठच्या ‘मी थो’ या शहराकडेच गेला होता.

रेल्वेचे गुण इतके व्यावहारिक नाहीत. हनोई ते सायगॉन हा १,७२६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग फ्रेंच राजवटीत तुकड्यातुकड्यांनी बांधला गेला आणि १९३६ साली पूर्ण झाला. युद्धात त्याचे शेकडो पूल उद्ध्वस्त झाले आणि दुरुस्तीनंतर १९७६ च्या अखेरीस तो पुन्हा सलग सुरू झाला. बऱ्याच अंशी तो आजही एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी तुमची गाडी एखाद्या लहान स्थानकावर थांबून राहते आणि सगळा प्रवास सलग केला तर तीस तासांहून अधिक वेळ लागतो. वेळेचाच हिशोब मांडणाऱ्याला रेल्वे पटणार नाही, हे मला मान्य आहे.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे स्लीपर बस म्हटले की पुण्याहून नागपूरला जाणारी ट्रॅव्हल्स येते: एका बाजूला दोघांची सपाट बर्थ, मांडी घालून बसता येईल एवढी जागा, पडदा ओढून घेतला की दोन मित्रांच्या गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालू. व्हिएतनाममधली नेहमीची स्लीपर बस तशी नाही. तिच्यात एकेकट्या बर्थच्या तीन रांगा असतात, मध्ये दोन अरुंद वाटा आणि वर-खाली दोन मजले. चढतानाच बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावे लागतात, हा भाग मला आवडला. बर्थ मात्र पूर्ण सपाट होत नाही आणि पूर्ण उभीही राहत नाही. पुढच्या माणसाच्या पाठीखाली एक पेटीसारखा कप्पा असतो, त्यात आपले पाय घालायचे आणि पाठ तिरकी टेकवून पडायचे. आपण आडवेही नसतो आणि बसलेलेही नसतो, आणि संध्याकाळी सहाला ही जी अवस्था सुरू होते ती पहाटेपर्यंत बदलत नाही. वरच्या मजल्यावर ताठ बसावे म्हटले तर डोके छताला लागते. खाली बसावे म्हटले तर पाय पेटीतून काढून ठेवायचे कुठे हा प्रश्न पडतो, कारण वाटेत बहुधा कुणाची तरी सॅक असते किंवा बस भरून गेल्यावर घेतलेला एखादा प्रवासी झोपलेला असतो. कप्प्याची लांबी बेताचीच असल्यामुळे उंच माणसाला गुडघे सतत थोडे वाकवून ठेवावे लागतात. मी फार उंच नाही, तरी सकाळी उतरल्यावर गुडघे मोकळे व्हायला बराच वेळ लागत असे.

केवळ शरीराचा त्रास असता तर मी तो सोसला असता, कारण कमी खर्चाच्या प्रवासात अशी तडजोड गृहीतच असते. पण बसता येत नाही याचा दुसरा अर्थ असा की सोबत असूनही सोबत मिळत नाही. मित्र एका वाटेपलीकडे, माझ्यासारखाच तिरका पडलेला. त्याच्याशी बोलायचे तर मान वळवून, मधल्या वाटेवरून, इतरांची झोप मोडेल अशा आवाजात. थोड्या वेळाने दिवे मालवले जातात, चालकाचे भोंगे वाजत राहतात, बाहेर अंधार असतो आणि दोघेही आपापल्या मोबाइलमध्ये शिरतात. एकट्याने फिरणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. माझा मित्र बर्थला पाठ टेकताच झोपतो आणि पहाटे नव्या गावात ताजातवाना उतरतो, म्हणून तो आजही बसचीच बाजू घेतो, आणि त्याच्या अनुभवाला खोटे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु दोघांनी मिळून केलेल्या प्रवासातले मोठे तुकडे असे कोरे जावेत हे मला पटेना.

अलीकडे या मार्गांवर पडदा आणि स्वतंत्र कप्पा असलेल्या ‘केबिन’ बस आल्या आहेत. त्यांत बर्थची संख्या नेहमीच्या बसच्या जवळपास निम्मी असते, पाय बरेच सरळ होतात आणि भाडे अर्थातच जास्त असते. बसनेच जायचे असेल तर निदान रात्रीच्या लांब टप्प्यासाठी हीच घ्यावी. झोपेचा प्रश्न तिने बराच सुटतो, बोलण्याचा मात्र आणखी अवघड होतो, कारण आता मध्ये भिंतही येते.

रेल्वेच्या चार बर्थच्या डब्यात खालच्या बर्थवर दोघे समोरासमोर बसू शकतात, खिडकीखाली छोटे टेबल असते आणि कंटाळा आला की उठून मार्गिकेत उभे राहता येते. एवढीशी मोकळीक किती मोलाची आहे हे बसनंतर कळले. गरम भात, उकडलेली कणसे, अंडी आणि दाट कॉफी घेऊन ढकलगाडी येते. मांसाहार न करणाऱ्यांनी मात्र तिच्यावर विसंबू नये आणि फळे, पाव, दाणे बरोबर घ्यावेत. गरम पाणी डब्यात मिळते. उरलेल्या दोन बर्थवर बहुतेकदा व्हिएतनामी कुटुंब असते. भाषा येत नसली तरी सोललेले पोमेलो, म्हणजे पपनस, पुढे केले जाते, मोबाइलवर मुलांचे फोटो दाखवले जातात. बसमध्ये रात्रभर शेजारी पडलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिल्याचेही मला आठवत नाही.

सहा बर्थच्या स्वस्त डब्याबद्दल सावध केले पाहिजे. तिथे मधल्या आणि वरच्या बर्थवर बसता येत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी मी रेल्वे निवडली ते कारणच नाहीसे होते. सर्वांत वरची बर्थ स्वस्त असते आणि छत अगदी नाकाशी येते. खालच्या दोन मिळाल्या तर ठीक, पण दिवसा त्यांच्यावर सगळा डबा बसतो. स्वच्छतागृहे प्रवासाच्या शेवटी शेवटी जशी होतात तशीच होतात. वातानुकूलन अनेकदा गरजेपेक्षा थंड असते, म्हणून जाड चादर सॅकच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावी.

मग टप्प्याटप्प्याने पाहू, कारण सगळा देश एकाच साधनाने पार करावा असे माझे म्हणणे नाही. हनोई ते निन्ह बिन्ह हा दोन-अडीच तासांचा प्रवास कशानेही करावा. ताम कोकला पायांनी वल्ही मारणाऱ्या नावाड्यांच्या होडीत बसायला तुम्ही दोन्ही मार्गांनी वेळेत पोहोचता. निन्ह बिन्हहून फोंग न्हाला जाताना बसचे पारडे जड आहे, कारण ती थेट गावात सोडते, तर रेल्वेने दोंग होईला उतरून पुढे रस्ता धरावा लागतो. तरी बस पहाटे काळोखात उतरवते आणि खोली दुपारी मिळते, याचा विचार करूनच ठरवावे.

ह्वे ते दा नांग या टप्प्याबद्दल मात्र मी दुसरे मत ऐकून घ्यायला फारसा तयार नाही. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच ते तीन तास. २००५ साली हाय वान घाटाखालचा सहा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाल्यापासून बस डोंगराच्या पोटातून जाते, आणि या किनाऱ्याचा सर्वांत देखणा भाग बसमधल्या प्रवाशाला दिसतच नाही. रेल्वे आधी लांग कोच्या खाजणाकाठून जाते, मग झाडीत शिरते आणि समुद्राच्या वर, डोंगराच्या कडेकडेने, लहान लहान बोगदे ओलांडत वळसे घेते. वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन पुढे दिसते आणि खाली खडकांवर लाटा फुटताना दिसतात. दक्षिणेकडे जाताना डावी बाजू धरावी. या टप्प्यासाठी बर्थ घेण्याची गरज नाही, साधी आसनाची जागा पुरते. मार्च २०२४ पासून या दोन शहरांमध्ये खास पर्यटकांसाठी गाडीही धावते. दा नांगचे स्थानक शेवटच्या टोकासारखे बांधलेले असल्याने पुढे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन तिथे दुसऱ्या बाजूला लागते आणि गाडी उलट दिशेने निघते. त्या वेळी गोंधळून उतरू नये. होई आनला जाणाऱ्यांना अर्थात इथेच उतरायचे असते. थू बोन नदीकाठच्या त्या गावी संध्याकाळी पोहोचायचे असेल तर ह्वेहून दुपारपर्यंत निघावे.

दा नांग ते न्हा त्रांग हा रात्रीचा लांब टप्पा आहे आणि माझी सगळी तुलना मुख्यतः यावरच आधारलेली आहे. होई आनहून बस थेट मिळते, रेल्वेसाठी आधी दा नांगला परत जावे लागते, तरी मी तो उलटा फेरा आनंदाने करीन. न्हा त्रांगचे स्थानक शहरातच आहे. किनाऱ्यापर्यंत चालत जाता येते.

न्हा त्रांग ते सायगॉन या टप्प्यात माझ्या मित्राचे म्हणणे बरोबर ठरते. २०२३ आणि २०२४ मध्ये या बाजूचे द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुले झाल्यापासून बसचा वेळ बराच कमी झाला आहे, आणि दिवसाची बस घेतली तर तिरके पडून राहण्याचा त्रासही अंधाराइतका जाचत नाही. मुई नेच्या वाळूच्या टेकड्या वाटेत पाहायच्या असतील तर बसच सोयीची. सायगॉनच्या पुढे मेकाँगच्या प्रदेशातल्या कान थो शहरी, काय रांगच्या तरंगत्या बाजाराला जाण्यासाठी बसला पर्याय नाही. तो बाजार आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, पण पहाटे होडीने जावे असा तो अजूनही आहे.

ऋतूचाही विचार करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्वे ते होई आन या पट्ट्यात पावसाचा आणि पुराचा जोर असतो. तेव्हा रूळ आणि रस्ता दोन्ही बंद पडू शकतात, पण बसवाले लवकर पर्यायी वाट काढतात. त्या दिवसांत हातात दोन दिवस मोकळे ठेवता येत नसतील तर बस धरणे शहाणपणाचे ठरेल. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुमारास सारा देश घरी निघालेला असतो आणि चार बर्थच्या डब्यातल्या जागा कित्येक आठवडे आधी संपतात. एरवी मोठ्या टप्प्याचे तिकीट आठवडाभर आधी काढले तरी सहसा चालते. हनोईहून दक्षिणेला जाणाऱ्या मुख्य गाड्यांचे क्रमांक विषम असतात, एसई १, एसई ३ असे, आणि उलट येणाऱ्यांचे सम. तिकीट काढताना पासपोर्टवरचेच नाव आणि क्रमांक द्यावा, आणि एकाच कप्प्यातल्या समोरासमोरच्या दोन खालच्या बर्थ निवडाव्यात. त्यांचे भाडे वरच्यांपेक्षा थोडे अधिक असते. शक्य असेल तर तेवढा खर्च करावा.