डॅलोवे, फॉकनर की युलिसिस: आधी कोणती वाचावी?

प्रयोगशील आधुनिकतावादी कादंबरीकडे वळू पाहणाऱ्या वाचकाला बहुधा तीन नावे सुचवली जातात: जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ (१९२२), व्हर्जिनिया वूल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) आणि विल्यम फॉकनर यांची ‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९). अवघड म्हणून तिन्ही एकाच पंक्तीत बसवल्या जात असल्या, तरी प्रत्येकीचा अवघडपणा निराळा आहे आणि निवड त्यावरूनच करावी.

‘मिसेस डॅलोवे’ तिघींत सर्वांत आटोपशीर आहे. लंडनमधला जून १९२३ चा एक दिवस, प्रकरणे नाहीत आणि निवेदन पूर्वसूचना न देता एका मनातून दुसऱ्या मनात शिरते. आकाशात विमान धुराने अक्षरे काढू लागते, तेव्हा खाली जमलेल्यांपैकी प्रत्येक जण निराळाच शब्द वाचतो, तर युद्धातून परतलेल्या सेप्टिमसला तो आपल्यालाच केलेला इशारा वाटतो. ही सरमिसळ अंगवळणी पडली की वाचन वेग घेते. घटनांची ओढ असलेल्याला मात्र ती संथ वाटेल.

फॉकनर पहिल्याच पानापासून कसोटी पाहतात. पहिला भाग तेहतीस वर्षांच्या, बौद्धिक वाढ खुंटलेल्या बेंजीच्या मनातून येतो आणि त्या मनात काल आणि आज असा भेदच नाही. कुंपणातून जाताना तो खिळ्याला अडकतो आणि पुढच्याच ओळीत त्याला सोडवणारी बहीण कॅडी बालपणातली असते. तिरपा टाइप काळ बदलल्याची खूण देतो, पण त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. शिवाय क्वेंटिन हे नाव बेंजीच्या भावाचेही आहे आणि भाचीचेही. येथे नेट लावण्यापेक्षा न कळलेले तसेच सोडून पुढे जाणे श्रेयस्कर, कारण बेंजीचा दुसरा भाऊ जेसन याचा तिसरा भाग बराच सरळ आहे आणि चौथा संपवून पहिल्याकडे परतले की तीच वाक्ये काळजाला हात घालतात. एकच कादंबरी वाचायची असेल, तर माझा कौल हिलाच; सुरुवात करण्यासाठी मात्र वूल्फ बऱ्या.

‘युलिसिस’चा प्रश्न वेगळा आहे. १६ जून १९०४ या एका दिवसाचे अठरा भाग असून शैली पुनःपुन्हा पालटते: एक भाग वृत्तपत्री मथळ्यांत, एक नाटकाच्या संहितेसारखा, एक प्रश्नोत्तरांत. समुद्रकिनाऱ्यावरील तरुण शिक्षक स्टीफनचे चिंतन मांडणारा तिसरा भाग भल्याभल्यांच्या डोक्यावरून जातो. अशा वेळी थेट चौथा भाग उघडावा. तेथे घड्याळ पुन्हा सकाळी आठवर येते, कादंबरीचा नायक ब्लूम न्याहारीच्या तयारीत असतो आणि कथानकाचे विशेष काही निसटत नाही. ही कादंबरी चांगलीच विनोदी आहे, हे तिचे स्तुतिपाठक क्वचितच सांगतात. टीपांचे पुस्तक जवळ असावे, पण ते प्रत्येक भाग एकदा स्वतः वाचून झाल्यावरच उघडावे, अन्यथा तो विनोद हाती लागत नाही.