युवा रिट्रीटसाठी खो-खो, ट्रेक की नाटुकली?

आपल्या नाशिक कॅथलिक धर्मप्रांतातल्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या निवासी शिबिराला, येणारी मुलं एका वातावरणातली नसतात. कुणी नाशिकरोडच्या इंग्रजी शाळेतलं, कुणी आदिवासी पाड्यावरचं, कुणी नगरकडच्या खेड्यातलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेतही ती आपापला घोळका सोडत नाहीत. म्हणून करमणूक ठरवताना मी दोनच गोष्टी बघते: घोळके फुटतील का, आणि नंतर मुलं आराधनेला शांत बसू शकतील का.

क्रिकेट इथेच बाद होतं. मोजके खेळतात, बाकीचे काठावर बसतात, आणि हरलेल्या संघाची कुरकुर मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, चालते.

खो-खोचं तसं नाही. बसणारे आठ आणि पाठलाग करणारा एक, नऊही जण सतत सावध. खर्च शून्य, डाव काही मिनिटांत आटपतो. पाड्यावरची मुलं-मुली इथे पुढे असतात, आणि शहरातली पोरं त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारतात. फक्त संघ आपण पाडायचे. मुलांवर सोडलं की जुनेच घोळके मैदानात उतरतात. संत डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी 1841 पासून इटलीतल्या तुरिनमध्ये रस्त्यावरची मुलं गोळा केली, तेव्हा प्रार्थनेइतकंच मैदानही महत्त्वाचं मानलं. हे आपल्याकडे बऱ्याचदा विसरलं जातं, वेळापत्रक कोलमडलं की आधी खेळाचा तास कापला जातो. खो-खो आणि आराधना यांच्यात मात्र आंघोळ, चहा एवढा वेळ हवाच.

ट्रेकला अर्धा दिवस लागतो, पण त्याची बरोबरी दुसरं काही करत नाही. चढताना दोघं-दोघं बोलत जातात आणि खोलीत न निघणारे विषय निघतात. पिएर जॉर्जियो फ्रासाती हा इटलीतला तरुण मित्रांना घेऊन डोंगर चढायचा. 24 व्या वर्षी गेला, 7 सप्टेंबर 2025 रोजी संत घोषित झाला. त्याची गोष्ट सांगायला डोंगरासारखी जागा नाही. गड मात्र रामशेजच घ्या: शहराजवळ, आशेवाडीतून सोपी चढण. वर रामाचं मंदिर आहे, तिथे आवाज खाली ठेवायचा. मुलं हरिहरचा हट्ट धरतील, पण त्या उभ्या कातळपायऱ्यांवर मोठा गट नेऊ नये. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात ट्रेक नकोच.

गट लहान आणि महिना डिसेंबर-जानेवारी असेल तर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचाही विचार करा. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं पाणथळ. पहाटे पक्षी बघताना शांतता आपोआप राखली जाते. मोठ्या गटाला जमणार नाही, गाडीचा खर्चही आहे.

नाटुकली रात्रीसाठी. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला (घर सोडून पैसे उधळून परतलेल्या मुलाची गोष्ट) आजच्या घरात आणा म्हटलं की मुलं थक्क करतात. धोका एकच, दोन धीट मुलं सगळे संवाद घेतात. प्रत्येकाला किमान एक वाक्य, आणि ते कोकणीत, अहिराणीत, जसं घरी बोलतात तसं, असा नियम ठेवा.

गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरणं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

रिट्रीट दोन दिवसांचं असेल तर पहिल्या संध्याकाळी खो-खो, रात्री नाटुकली. तीन दिवस मिळाले तर दुसऱ्या सकाळी रामशेज आणि नाटुकली त्या रात्री. दमा असलेली किंवा पाय अधू असलेली मुलं कोण, हे पालकांना नोंदणीच्या वेळीच विचारा, आणि ट्रेकच्या सकाळी नाटुकलीचं दिग्दर्शन त्यांच्याकडे द्या. मागे राहिलेल्यांसोबत एक सिस्टर किंवा ताई पूर्ण वेळ असू द्या.