पुरात भिजलेली उपकरणं: दुरुस्ती की नवीन?

पाणी ओसरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वाळवा, चालेल." दुसरा म्हणतो, "भंगारात काढा." मी दोन्हीकडे राहून पाहिलंय: वॉशिंग मशीन दुरुस्त करून घेतलं, टीव्ही मात्र नवा आणला. बटण दाबून बघायचा मोह अजून आवरून धरला असेल, तर पुढे वाचा.

पंखा, मिक्सर यांच्या बाबतीत मी दुरुस्तीच्या बाजूने. मोटरच्या वाइंडिंगच्या, म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर वार्निश असतं, ते तिला पाण्यापासून बऱ्यापैकी वाचवतं. गाळ धुऊन मोटर आतपर्यंत वाळवली, मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासली, बेअरिंग आणि पंख्याचा कपॅसिटर बदलला, की बहुतेकदा काम होतं. अगदीच जळली तर रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळून घेणं, आहेच. आमचा पंखा जरा घरघरतो, पण फिरतो.

मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची गोष्ट वेगळी. माझं मशीन धुऊनपुसून आलं आणि छान चाललं. तीन आठवड्यांनी मधूनच बंद पडू लागलं. मेकॅनिक आला की सुरळीत. तो जिना उतरला की पुन्हा बंद! चार फेऱ्यांनंतर लक्षात आलं, पावसाळी दिवशीच हे रुसतं. पुराच्या पाण्यात क्षार आणि घाण असते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. मग बोर्डावरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमधून नको तिथे करंट झिरपतो. आयसीच्या (बोर्डावरच्या चिपच्या) पोटाखाली ब्रश पोचत नाही, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारा बोर्डही आतून हिरवा पडत जातो. पूर्ण बंद पडलं असतं तर परवडलं असतं, इतका मला त्या लपंडावाचा वैताग आला.

पाणी शिरलं तेव्हा वीज बंद होती आणि त्याच दिवशी बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला गेला, तर साफसफाईला संधी द्यायला हरकत नाही. चालू असताना भिजला असेल, तर मी तरी त्यात पैसे घालणार नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार. क्षार काही तांदळात जात नाहीत.

टीव्हीच्या पडद्याच्या थरांत पाणी चढलं की डाग जात नाहीत, म्हणून तिथे मी फार विचार केला नाही. फ्रिजचं कोड्यात टाकणारं. कॉम्प्रेसर सीलबंद, तो तगतो. पण भिंतीतल्या इन्सुलेशनमध्ये घाण पाणी मुरलं तर वास घर सोडत नाही. पाणी फ्रिजच्या पायांपुरतंच आलं असेल तर दुरुस्ती, त्याच्या दारापर्यंत चढलं असेल तर नवा. भिजलेले एमसीबी (मीटरजवळचे सुरक्षा स्विच) आणि लिथियम बॅटऱ्या यांवर चर्चाच नको, बदला.

तुमचा मेकॅनिक माझ्यापेक्षा जास्त जाणतो, त्याचंही ऐका. फक्त तो "बोर्ड साफ करून देतो" म्हणाला, तर अख्खा नवा बोर्ड मिळतो का, एवढं विचारा. मी शेवटी तेच केलं. मोटर अजून जुनीच आहे.