‘ताई, एएमडीला हे चालत नाही’ : कॉम्प्युटर बदलताना झालेली फसवणूक

माझं डीटीपीचं सेंटर आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वकिलांचे दस्त, सगळं काम दोन मशीनवर चालतं. दोन्ही एकाच वेळी घेतलेली, इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ ची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीच्या रायझन प्रोसेसरची २००० मालिका तरी लागते, त्यामुळे निदान एक मशीन बदलणं भाग होतं. दुकानदाराने इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर सुचवला, आणि तो सल्ला मुळात चांगलाच होता. एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) रायझन डीडीआर४ पिढीच्या रॅमवर चालतात आणि माझ्याकडे डीडीआर४ च होती. बोर्ड आणि प्रोसेसर बदलला की काम भागणार होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशनही तसंच आलं: ए५२० बोर्ड, रायझन ५ प्रोसेसर, बाकी रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट जुनंच.

मशीन त्याच्या टेबलावर उघडल्यावर सूर बदलला.

त्याने नवीन बोर्डावर प्रोसेसर बसवला, माझ्या जुन्या दोन्ही रॅम लावल्या, मॉनिटरची एचडीएमआय वायर बोर्डाच्या मागच्या पोर्टला जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. रॅम काढून, पुसून परत लावल्या. तरी काळीच. “बघा ताई, मी म्हणत नव्हतो? इंटेलची रॅम आहे, एएमडीला चालत नाही.” मग नवीन रॅमची पाकिटं फोडली. ती लावताना लगेच म्हणाला, “आणि एएमडीला डिस्प्ले नसतो, छोटं ग्राफिक कार्ड टाकावं लागेल.” रॅम आणि कार्ड एकदमच बसवलं, वायर कार्डाला जोडली, आणि स्क्रीन उजळली. माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध झाल्यासारखंच होतं सगळं. जुन्या रॅम त्याने ‘बायबॅक’ म्हणून किरकोळ भावात ठेवून घेतल्या.

पुण्यात हार्डवेअरचं काम करणारा माझा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याने बिल मागितलं. बिलावर नुसतं ‘रायझन ५’. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं नाव वाचलं: रायझन ५ ५६००. “मावशी, ह्याच्या पुढे ‘जी’ नाही.” सगळा डाव त्या एका अक्षरात होता. ५६००जी मध्ये ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, आत असतं, ५६०० मध्ये नसतं. ५६०० लावून वायर बोर्डाच्या पोर्टला जोडली, तर जगातली कुठलीही रॅम लावा, स्क्रीन काळीच राहणार. त्या दिवशी रॅमचा काही संबंधच नव्हता. रॅम आणि कार्ड एकाच वेळी बदलल्यामुळे दोष कोणाचा होता हे समोर बसलेल्या माणसाला कळायला वावच राहिला नाही. रोज मशीन जोडणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

‘एएमडीला डिस्प्ले नसतो’ हेही असंच. हा कंपनीचा प्रश्नच नाही, मॉडेलचा आहे. इंटेलमध्येही ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतं. उलट एएम५ वरच्या रायझन ७००० मालिकेत ‘एफ’ वाले सोडले तर जवळपास सगळ्यांत निदान कामचलाऊ ग्राफिक्स असतं.

भाच्याने मग दुसरं मशीन उघडलं, जे अजून इंटेलवरच आहे. त्यातली रॅम माझ्या गेलेल्या रॅमची जुळी, एकाच बिलातली, २४०० स्पीडची. ती काढून एएमडीच्या बोर्डात बसवली. पहिल्यांदा स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली आणि मशीन आपणहून एकदा बंद होऊन चालू झालं. नवीन रॅम ओळखताना रायझनचे बोर्ड असं करतात, तेवढा धीर धरावा लागतो. मग विंडोज नेहमीसारखं सुरू झालं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीसमोर स्पीड २४००. ‘न चालणारी’ रॅम चालली, आणि मी संध्याकाळपर्यंत त्यावरच काम केलं.

ही थाप खपते कारण तिच्यामागे जुना धागा आहे. डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या काळात ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेली स्वस्त रॅम ऑनलाइन मिळायची, ती खरोखरच इंटेलच्या बोर्डावर चालत नसे. म्हणजे अडचण नेमकी उलट्या दिशेने होती. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा तेही काही रॅमच्या बाबतीत नखरे करायचे, पुढे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर ते बरंचसं सुटलं. पण डीडीआर४ ची साधी, चांगल्या कंपनीची रॅम दोन्हीकडे चालते. ‘इंटेलची रॅम’ अशी वेगळी चीज दुकानात नसतेच. शिवाय वेळ बघा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळल्यामुळे. अशा दिवसांत जुनी डीडीआर४ काढून घेणं म्हणजे सरळ पैसे काढून घेणं.

सॉफ्टवेअरच्या नावाखाली जे झालं त्याचा मला जास्त राग आहे, कारण ते डोळ्यांना दिसतही नाही. बिलात ‘एएमडी व्हर्जन इन्स्टॉलेशन’ अशी ओळ आहे, पेजमेकिंगचं, फोटोचं आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर धरून. असं व्हर्जन नसतं. आजचा ६४ बिटचा पाया एएमडीनेच घातला, २००३ मध्ये तो बाजारात आला आणि नंतर इंटेलने तोच स्वीकारला. पटत नसेल तर तुमच्या इंटेलच्या मशीनवर सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर उघडा, त्यातलं विनएसएक्सएस बघा. हजारो फोल्डरांची नावं ‘एएमडी६४’ ने सुरू होतात, इंटेलच्या मशीनवर! माझ्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉकही (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) त्याच सेटअपने चाललं. फार जुन्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर अडू शकतो, पण ती भानगड विंडोजची, प्रोसेसरची नव्हे.

विंडोजचंही तेच. माझ्याकडे विकत घेतलेलं रिटेल लायसन्स होतं. ‘इंटेलची लायसन्स-की एएमडीला चालत नाही’ म्हणून त्याने ‘ओरिजिनल’चे पैसे वेगळे लावले. भाच्याने कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर, मग एक स्पेस, स्लॅश आणि एक्सपीआर दिलं, तर चौकटीत मुदत संपण्याची तारीख आली. कायमच्या लायसन्सला तारीख नसते. हे केएमएस नावाच्या, मोठ्या संस्थांसाठी असलेल्या पद्धतीने केलेलं, १८० दिवसांचं अ‍ॅक्टिव्हेशन होतं, आणि ते चालावं म्हणून विंडोजचा अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि दस्त येतात, त्या मशीनवर! रिटेल लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. कंपनीच्या तयार मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, तिथे नवीन घ्यावं लागतं.

इंटेलवरून एएमडीवर जाताना बोर्ड बदलावाच लागतो, सॉकेट वेगळं आहे. जुना कूलर बहुधा बसत नाही, पण ५६०० च्या सीलबंद बॉक्समध्ये कूलर येतो आणि प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ट्रेमधला घेतला तर वॉरंटीला दुकानदारच जबाबदार, तो काय म्हणतो ते लिहून घ्या. चिपसेटचा ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून फुकट उतरतो. जुन्या एसएसडीवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन) असेल तर बोर्ड बदलण्याआधी रिकव्हरी की हातात हवी, नाहीतर स्वतःच्याच फाइलींपुढे अडकाल. घरात कोणी अँड्रॉइड अ‍ॅप बनवत असेल तर बायोसमध्ये एसव्हीएम मोड (मशीनच्या आत आभासी मशीन चालवायची सोय) चालू आहे ना ते बघायचं. ‘एएमडीवर अँड्रॉइड होत नाही’ हेही मी त्याच दुकानात ऐकलंय. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी असते, बायोसच्या आवृत्तीसकट. पैसे देण्याआधी ती उघडा आणि पक्क्या बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने ग्राफिक कार्डाचे आणि त्या ‘व्हर्जन’चे पैसे परत केले. रॅम मात्र विकली गेली म्हणतो आणि विंडोजबद्दल बोलायला तयार नाही. त्या दोन गोष्टींसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातेय. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, त्या चौकटीचा फोटो आणि माझ्या जुन्या रॅमचे सीरियल नंबर असलेलं पहिल्या खरेदीचं पक्कं बिल, तिन्ही अर्जाला जोडलंय.