कोझुमेलच्या किनाऱ्यावर बिल उशिरा येतं, तेही मुद्दाम

"कुठल्या जहाजानं आलात? परत कधी चढायचंय?"

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर हे आम्हाला आधी टॅक्सीवाल्यानं विचारलं, मग बीच क्लबच्या, म्हणजे किनाऱ्यावर खुर्च्या-छत्र्या आणि खाणंपिणं देणाऱ्या जागेच्या, दारातल्या माणसानं आणि शेवटी वेटरनं. तिघांनीही अगदी आपुलकीनं, पाहुण्यांची काळजी असल्यासारखं. तुम्ही कॅरिबियन क्रूझला जाणार असाल आणि बंदरावर उतरून स्वतःच अर्धा दिवस किनाऱ्यावर घालवायचा बेत असेल, तर या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नका. द्यायचंच झालं तर वेळ तासभर अलीकडची सांगा. का ते पुढे येईलच.

आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेले आई-बाबा. मायामीहून निघणारी जुलैतली क्रूझ. कोझुमेल हे युकातानच्या किनाऱ्यासमोरचं बेट. मेक्सिकोतलं सगळ्यात गजबजलेलं क्रूझ बंदर हेच; एकेका दिवशी चार-पाच जहाजंसुद्धा लागतात. बेटाची पश्चिमेची बाजू शांत, पाणी काचेसारखं, आणि बहुतेक बीच क्लब तिकडेच, धक्क्यांच्या दक्षिणेला एकापुढे एक. पूर्वेला उघडा समुद्र आहे, लाटा आणि पाण्याची ओढ जबरदस्त. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन पोहायला जायची ती जागा नव्हे. म्हणून पश्चिमेचा एक चांगल्यापैकी क्लब आधी शोधून, त्याचे दर बघून ठेवले होते. सकाळी उतरायचं, तीनेक तास पाण्यात डुंबायचं, जेवायचं आणि परत. एवढा साधा बेत.

त्यात एक गुंता होता तो घड्याळाचा, आणि तो नीट समजून घ्या. आमचं जहाज मायामीच्या वेळेवर चालत होतं. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५ पासून बारा महिने एकच वेळ असते. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. हिवाळ्यात ही वेळ मायामीशी जुळते. उन्हाळ्यात मायामी एक तास पुढे जातं. म्हणजे जुलैत जहाजावर साडेचार वाजतात तेव्हा बेटावर साडेतीनच झालेले असतात, आणि धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या मोबाइल आपणहून बेटाची वेळ दाखवायला लागतो. काही जहाजं बंदराची वेळ पाळतात, काही आपलीच चालवतात. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर ते दिलेलं असतं. बाबांचं जुनं एचएमटी जहाजाच्या वेळेवर लावलेलं होतं आणि दिवसभर आम्ही तेच प्रमाण मानलं. साडेचारला सगळे जहाजावर हवेत, म्हणजे बेटाचे साडेतीन.

धक्क्यावरून बाहेर पडायच्या वाटेवर पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि मागे 'माहिती' असा फलक लावलेली मंडळी उभी असतात. टॅक्सी फुकट, क्लबचं तिकीट अर्ध्या किमतीत, बदल्यात फक्त एका हॉटेलात नाश्ता करायचा. तो नाश्ता म्हणजे टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचे वर्षातले ठरावीक दिवस, विकायची बैठक. दीड तास म्हणतात आणि तुमचा अर्धा दिवस तिथेच संपतो. त्यांना हात जोडून पुढे गेलो.

कोझुमेलच्या टॅक्सीला मीटर नसतो. ठरलेले दर असतात, धक्क्याबाहेर फलकावर लिहिलेले, आणि सहसा ते चार माणसांपर्यंतच्या गाडीचे. आम्ही सहा, म्हणून व्हॅन. माणशी की सगळ्यांचे मिळून, जायचे की येण्याजाण्याचे, सगळं विचारून घेतलं. माणूस सरळ वाटला आणि ठरलेल्या भाड्यापेक्षा त्यानं एक डॉलरही जास्त मागितला नाही, हेही सांगायला हवं. त्याची कमाई दुसरीकडे होती. निम्म्या वाटेत तो हळहळत म्हणाला, तुम्ही म्हणताय त्या क्लबवर आज सार्गासो फार आलंय, मुलांना पाण्यात उतरताच येणार नाही, मी तुम्हाला स्वच्छ जागी नेतो.

सार्गासो म्हणजे अटलांटिकमधून वाहत येणारं तपकिरी समुद्री शेवाळ. गेली काही वर्षं त्यानं या सगळ्या किनारपट्टीला खरोखरच जेरीस आणलंय, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटतं. पण ते पूर्वेकडून येतं आणि कोझुमेलच्या पूर्वेच्या अंगाला लागतं. पश्चिमेची बाजू बहुतेक वेळा वाचते, आणि आमचा क्लब पश्चिमेलाच होता. संध्याकाळी डेकवर एक जोडपं भेटलं, ते त्याच क्लबवर दिवसभर होतं. त्यांच्या फोटोत पाण्याचा तळ दिसत होता.

नेलं तो क्लब दिसायला झकास. नारळीची झाडं, झोपाळे, गालिचा घातल्यासारखी वाळू. दारातला माणूस म्हणाला, प्रवेश फुकट, खुर्च्या-छत्र्या फुकट, फक्त काहीतरी खा-प्या. किती रुपयांचं, आय मीन किती पेसोंचं, असं बाबांनी विचारलं (रुपये बोलून गेले आणि स्वतःच हसले), तर तो म्हणाला, जे मनाला येईल ते.

मेनूकार्ड प्लास्टिकमध्ये मढवलेलं एकच होतं. वेटर ते स्वतःच्या हातात धरून दाखवत होता, आमच्या हाती देत नव्हता. लिंबू सरबत $९०, ग्वाकामोले (ॲव्होकाडोची चटणी) $१८०, केसादिया (चीज भरून दुमडलेली पोळी) $१९०. मेक्सिकोत पेसोलाही हेच चिन्ह वापरतात. जिथे नीट लिहितात तिथे आकड्यापुढे 'एम. एन.' असतं, म्हणजे राष्ट्रीय चलन. इथे नुसतंच चिन्ह. म्हणून मी विचारलं, पेसो ना? तो खळखळून हसला. "पेसो, सेन्योरा, पेसो!" कार्ड वाऱ्यानं उडतं म्हणून तो ते घेऊन गेला आणि परत मागितलं तेव्हा प्रत्येक वेळी ते दुसऱ्या टेबलावर होतं. मला घरच्या सवयीनं मोबाइलवर टिपून ठेवायची खोड आहे, त्यामुळे काय काय मागवलं आणि मघाशी त्याचा भाव काय वाचला, ते लिहीत होते. एकूण झाले २,४०० पेसो. त्या सुमारास डॉलरला साडेअठरा पेसो मिळत होते, म्हणजे १३० डॉलर. सहा माणसं, किनारा, जेवण. महाग, पण चालण्यासारखं.

बेटाच्या वेळेनं पावणेदोनला बिल मागितलं. हो, लगेच आणतो. दोन वाजता परत मागितलं. लगेच. मग वेटरच दिसेनासा झाला. त्याच्या जागी दुसरा आला, त्याला आमचं टेबल माहीत नव्हतं. नवरा काउंटरवर गेला, तर तिथला माणूस म्हणाला, बिल तुमचा वेटरच देणार. आई मुलांचे कपडे बदलून, पिशव्या भरून, चपला घालून बसली होती. बिल आलं तेव्हा अडीच वाजून गेले होते.

छापील नव्हतं. वहीच्या कागदावर हातानं लिहिलेलं, तीन ओळींचं आणि डॉलरमध्ये. खाणंपिणं २४०. सेवा ४८. खुर्च्या ६०. एकूण ३४८.

२,४०० पेसोंचे २४० डॉलर कसे? क्लबचा दर, डॉलरला दहा पेसो. खुर्च्या फुकट होत्या ना? खाणं माणशी ठरावीक रकमेच्या वर गेलं तर फुकट. ती रक्कम कुठे लिहिलीय? मॅनेजर सांगेल. मॅनेजर कुठाय? येतोय. येता येता त्यानं दहा मिनिटं घेतली. मी मोबाइलवरचा हिशेब दाखवला, नवऱ्यानं आवाज चढवला, बाबा मराठीत बोलायला लागले. मॅनेजर मात्र शांत. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला साडेतीनपर्यंत पोहोचायचंय ना? या वेळेला इथे टॅक्सी मिळायला वेळ लागतो."

जहाजाचं नाव आणि बेटाच्या वेळेनं साडेतीन, दोन्ही त्याला पाठ होतं.

खरंच, बाहेर एकही टॅक्सी नव्हती. आपण स्वतःहून गेलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही. सुटलं तर पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं, आणि ते बंदर दुसऱ्या देशात. आई-बाबांचे भारतीय पासपोर्ट जहाजावरच्या तिजोरीत, त्यांच्याजवळ फक्त झेरॉक्स. अडला हरी, दुसरं काय. पेसोत द्यायचे तर हिशेबाप्रमाणे देण्याएवढे पेसो आमच्याकडे नव्हते, म्हणून कार्ड काढलं. तर मशीनवर आकडा आला ६,९६०. पेसो! ३४८ डॉलरचे पेसो करताना त्यांनी दर धरला वीस. म्हणजे आमच्या पेसोंचे डॉलर करताना दहा आणि त्यांच्या डॉलरचे पेसो करताना वीस. बँकेनं शेवटी ३७६ डॉलर कापले. १३० चे ३७६. सही केली आणि काय आश्चर्य, पाचव्या मिनिटाला टॅक्सी दारात.

जहाजावर वेळेत पोहोचलो. घरी आल्यावर कार्डाच्या बँकेकडे रीतसर तक्रार केली. अमेरिकेतलं क्रेडिट कार्ड असेल तर चुकीच्या आकारणीबद्दल स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, ते केलं. क्लबनं बँकेला सही असलेली पावती पाठवली, तिच्यावर ६,९६० पेसो. बँकेचं म्हणणं, रक्कम तीच, चलन तेच, सही तुमची. कागदावर सगळं चोख होतं. डॉलरमधला तो वहीचा कागद त्यांनी आमच्याकडून परत घेतला होता, हे मला तेव्हा घाईत विशेष वाटलं नव्हतं.

बरं, मेक्सिकोचा कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. दाखवलेली किंमत ही करासकट पूर्ण किंमत असायला हवी, तिथला १६ टक्के कर वेगळा लावता येत नाही. टीप ऐच्छिक असते, ती बिलात सक्तीनं घालता येत नाही. 'प्रोफेको' नावाची ग्राहक संरक्षणाची सरकारी यंत्रणा १९७६ पासून आहे. इतकंच काय, समुद्रकिनाराही सार्वजनिक आहे; भरतीच्या रेषेपासून २० मीटरचा पट्टा सरकारी, क्लबची मालकी असते ती त्यामागच्या जमिनीची. पण तक्रार लिहायला बसायला जो वेळ लागतो, तोच जहाजाच्या प्रवाशाजवळ नसतो. हा सगळा धंदा भाव फुगवण्यावर चालतच नाही, तो चालतो वाद घालायला वेळ न उरण्यावर. वॉटर स्कूटरवाल्यांचं तेच. परत आलात की एक जुना ओरखडा दाखवून नुकसानभरपाई मागतात, आणि मागतात तेव्हा तुमच्याकडे अर्धा तास राहिलेला असतो. घ्यायचीच असेल तर निघण्याआधी तिचा खालचा भागसुद्धा दाखवायला लावून चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, देणाऱ्याचा चेहरा त्यात येईल असा.

आता मी जाणाऱ्यांना सांगते ते असं. पेसो सोबत न्या, सुट्या नोटांत. मेनूकार्डाचा फोटो पहिल्यांदा हातात येईल तेव्हाच काढा, आणि हातात देत नसतील तर तिथे खाऊ नका. प्रत्येक खेपेला मागवलेल्याचे पैसे तिथल्या तिथे देऊन टाका. वेटरला आवडत नाही, न आवडो. कार्ड दिलंच तर मशीनवरचा आकडा पेसोत तुमच्या हिशेबाशी जुळतोय का ते पाहूनच पुढे जा, आणि हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचाही फोटो. टॅक्सीवाला 'तिथे आज बंद आहे' म्हणाला की 'बघू तरी' म्हणायचं आणि ठरलेल्या दारातच उतरायचं. बिलाची झटापट व्हायचीच असेल तर ती दोन तास हाताशी असताना होऊ दे, म्हणून जेवण आधी, पोहणं मग.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर चांकानाब हे किनाऱ्यावरचं पार्क बरं. ते बेटावरच्या सरकारी प्रतिष्ठानाकडे आहे, तिकिटाचा दर खिडकीवर लिहिलेला असतो, आणि बाहेर टॅक्सी असतात. जहाजाची स्वतःची सहल महाग पडते खरी, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं, आणि आई-बाबांचे पासपोर्ट तिजोरीत असताना त्या थांबण्याची किंमत वेगळी असते.

आणि शाकाहारी असाल तर एक राहिलंच. केसादिया नुसत्या चीजची मागा, आणि भात आणि घोटलेला राजमा विचारूनच. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि राजम्यात डुकराची चरबी असू शकते. आमच्या आईनं विचारलं म्हणून कळलं, आणि ते मात्र वेटरनं खरं सांगितलं.