पंधरा वर्षांच्या गाडीचं आरसी नूतनीकरण: माझे १३,८०० रुपये असे बुडाले

लिहायला लाज वाटते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा मी, स्वतः एका बनावट पावतीला फसलो. पण ज्यांच्या गाड्यांना यंदा पंधरा वर्षं होतायत, त्यांनी हे वाचाच.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर गाडी आरटीओत दाखवायची, निरीक्षकाने पास केली की पुढची पाच वर्षं मिळतात. हे मला माहीत होतं. पण मार्चअखेर, सुट्टी मिळेना, आणि आईच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा गाडी लागते. म्हणून एजंट गाठला. सरकारी फी ५,००० असताना त्याने ९,५०० घेतले, यूपीआयने. चार दिवसांनी ‘पर्यावरण कर’ म्हणून ४,३०० रोख नेले. रोख देऊ नका. कुणालाच.

“गाडी आणायची गरज नाही साहेब, आतून होतं.”

तिथेच उठायला हवं होतं. गाडी न बघता पास कशी होईल? चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतात, तोही त्याने घेतला नाही. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर पावती आली, तपासणीची तारीख रविवारची! मी ती वाचली होती. त्या रविवारी गाडी दिवसभर माझ्याच खिडकीखाली उभी होती. तरी गप्प बसलो, काम झालं ना म्हणून. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

सात महिन्यांनी नाक्यावर पोलिसाने नंबर टाकला. नोंदणी संपलेली. शेजारच्या सीटवर आई. पीयूसी होती, पण ती वेगळी आणि ही तपासणी वेगळी. परिवहनच्या साइटवर अर्ज क्रमांक टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, असा अर्जच नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, तुम्हीच पैसे दिलेत, दिवाणी बाब आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर समोरासमोरचा व्यवहार, ठाण्यात जा. आरटीओत साहेब म्हणाले, एजंटांशी आमचा संबंध नाही. संबंध नाही? तो माणूस तुमच्या फाटकाला लागून ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसतो, तुमचे शिपाई त्याला नावाने हाक मारतात, त्याच्याकडचा चहा पितात! आणि उशिराचा दंड महिन्याला ५०० प्रमाणे ३,५०० मात्र माझ्याकडून चोख वसूल. मुदतीच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हाच करा. ओटीपी स्वतःच्याच मोबाइलवर येऊ द्या.

शेवटी अर्धा दिवस रजा टाकून गाडी स्वतः नेली. निरीक्षकाने दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिले, चेसिस नंबर ताडला. वीस मिनिटं लागली.

तक्रार अर्जावर आवक क्रमांक मिळालाय, उत्तर नाही. बाहेर पडताना तो एजंट तिथेच बसला होता, समोर दुसरं कुणीतरी पैसे मोजत होतं. मी जाऊन त्या माणसाला सांगितलं.